कोलेस्टेरॉलच्या परीक्षेला बसणारे लोक

बंगळूरला आमच्या बनशंकरीच्या गल्लीत सरकारी कारखान्यांतली आणि संशोधन संस्थांतली बरीच माणसं राहतात. ही माणसं आयुष्यभर परीक्षा देत आलेली आहेत. दहावी, बारावी, प्रवेश, नोकरी, बढती. पुढे परीक्षा संपतात आणि ह्यांना चुकल्यासारखं वाटायला लागतं. मग ती वर्षातून एकदा येणाऱ्या वैद्यकीय तपासणीला परीक्षा मानतात आणि तिचा अभ्यास करतात.

माझे यजमान ह्या अभ्यासात कायम पुढे. कंपनीची तारीख नोटीस बोर्डावर लागली की घरी येऊन पहिलं वाक्य असायचं, "अगं, उद्यापासून तूप बंद." उद्यापासून, कारण आज संध्याकाळी मद्दूर वडा आणलेला असायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट कपाटातून बाहेर यायचे, त्यांच्यावरची वर्षभराची धूळ झटकली जायची आणि साहेब पार्कात निघायचे. पार्कात त्यांच्यासारखेच आणखी परीक्षार्थी. इतर महिन्यांत तिथे म्हाताऱ्या बायका आणि कुत्री फिरतात. तपासणीच्या आधीचे तीन आठवडे मात्र पुरुषांची मिरवणूक निघते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो भाव असतो, अभ्यासक्रम मोठा आहे आणि वेळ थोडा आहे.

घरात ओट्स यायचे. ओट्सची खीर नाही, उपमा नाही, नुसते पाण्यात शिजवलेले ओट्स, कारण चव लागली तर उपयोग होत नाही अशी ह्यांची समजूत आहे. सकाळी अनशेपोटी कच्चा लसूण. त्यामुळे त्या तीन आठवड्यांत मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बोलायचे. खोबऱ्याची चटणी बंद, अंड्यातलं पिवळं बंद, बेकरीतली खारी बिस्किटं बंद. आणि तपासणीच्या दिवशी, रक्त देऊन झालं की दंडाला कापूस तसाच दाबून धरून, सगळी टोळी सरळ समोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, जायची आणि लोणी घातलेला मसाला डोसा मागवायची. बरेच जण दुसराही मागवत. पेपर दिल्यावर मुलं सिनेमाला जातात ना, तसं.

निकाल दरवर्षी एकच असायचा. कोलेस्टेरॉलचे आकडे ठळक अक्षरांत, म्हणजे मर्यादेच्या वर. आणि खाली कंपनीच्या डॉक्टरांचा शेरा, 'तळलेले कमी करावे, व्यायाम करावा.' हे तो शेरा उत्तीर्ण म्हणून वाचायचे. "अनफिट लिहिलेलं नाही ना," एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी तूप परत चालू.

मी हे बरीच वर्षं चालू दिलं. मी एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. घरात गॅस कधी लावला, सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब कधी संपणार, पाण्याचा टँकर कधी सांगायचा, हे सगळं मी लिहून ठेवते आणि झालं की खोडते. नवऱ्याचं रक्त माझ्या यादीत नव्हतं, कारण ते त्यांच्या कंपनीच्या यादीत होतं. ते माझ्या यादीत आलं ते ह्यांना एक्कावन्नावं लागल्यावर.

ह्याचं कारण आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. माझे सासरे बावन्नाव्या वर्षी गेले. ते बेळगावकडे शाळामास्तर होते. सकाळी शाळेत जायला निघाले, उंबऱ्यात बसून चपलेचा पट्टा लावायला वाकले आणि परत उठले नाहीत. तेव्हा माझे यजमान इंजिनिअरिंगला होते. माझं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे मी सासऱ्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. ते का गेले, ह्याची कारणं मात्र मी भरपूर ऐकली. रायचूरला झालेली बदली. तिथलं ऊन. हेडमास्तरांशी झालेलं भांडण. ज्याला जे आवडतं त्यानं ते धरलेलं होतं. कुणी रक्ताचं नाव काढलं नव्हतं. आणि आता त्यांचा मुलगा त्यांच्याच वयाकडे चालला होता, वर्षातून तीन आठवडे ओट्स खात.

म्हणून मी ठरवलं, ह्यांची तपासणी अभ्यासाविना करायची.

संधी चालून आली. सासरच्या नात्यात निपाणीला लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. लग्नाआधी एक दिवस, लग्नाचा एक, सत्यनारायणाचा एक. जेवणं कशी झाली हे सांगायला नको. निपाणीच्या वरच्या अंगाला माणसानं जेवायला नाही म्हणणं हा अपमान समजतात आणि ह्यांनी तिथे कुणाचा म्हणून अपमान केला नाही. रविवारी रात्री बंगळूरला परतलो आणि सोमवारी सकाळी सात वाजता घरी येऊन रक्त घेणारा मुलगा दारात उभा होता. मी निपाणीहूनच त्याला सांगून ठेवलं होतं. चौघांचं रक्त, सासूबाई, हे, मी आणि आमची मुलगी.

हे दात घासत बाहेर आले. टेबलावरच्या नळ्या बघून त्यांचा चेहरा असा झाला जणू घरात इन्कम टॅक्सवाले आले आहेत.

"हे काय?"

"रक्त. सगळ्यांचंच आहे. बसा."

"अगं, पण तयारी कुठे झाली आहे?"

हे वाक्य मी पुढे खूप जणांना सांगितलं. हुशार माणूस, हाताखाली माणसं आहेत, लाखो रुपयांची यंत्रं ह्याच्या सहीवर चालू होतात, आणि हा विचारतो की रक्ताची तयारी कुठे झाली आहे.

"परवा श्रीखंड खाल्लं आहे मी," ते म्हणाले.

"श्रीखंड तपासायचं नाहीये, बाबा, तुम्हाला तपासायचं आहे," मुलगी सोफ्यावरून म्हणाली. ती एका परदेशी कंपनीत काम करते, आनेकलच्या बाजूला, रोज कंपनीच्या बसने जाते आणि डब्यात पाला नेते. आम्हा सगळ्यांच्या जेवणाकडे ती नाक वर करून बघते. तिनं हात पुढे केला. सासूबाईंनी केला. त्या रक्त घेणाऱ्या मुलाला म्हणाल्या, "स्वल्पच घे बरं, मला रक्त परत तयार व्हायला वेळ लागतो." मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईनं दिलेलं बघून ह्यांनीही बाही वर केली.

संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आले. सासूबाईंचं सगळं नीट. माझंही नीट, ज्यात माझं काही कर्तृत्व नाही, मी लग्नात ह्यांच्याच पंक्तीला बसले होते. ह्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, दोनशेच्या वर. आणि आमच्या पाला खाणाऱ्या मुलीचंही जवळपास तेवढंच.

मुलीनं फोनवर आपला आणि ह्यांचा आकडा पुन्हा ताडून बघितला. मग म्हणाली, "मी उगाच पालक खाल्ला इतकी वर्षं."

ह्यांनी मात्र निकाल मान्यच केला नाही. आधी लॅब चुकली. मग लग्न आडवं आलं. मग रक्त घेणाऱ्याने नळी नीट हलवली नसणार. हे सगळं त्यांनी दुसऱ्या दिवशी पार्कात मांडलं, आणि पार्कानं त्यांना साथ दिली. आमच्या शेजारी हुबळीचे एक गृहस्थ राहतात, ह्यांच्याच कंपनीत, दरवर्षी ह्यांच्याबरोबर परीक्षेला बसणारे. ते संध्याकाळी आमच्याकडे आले, चहा घेतला आणि सल्ला सुरू केला.

"अण्णा, तुम्ही मनावर घेऊ नका. अर्जुनाची साल उकळून घ्या. आमच्या मेव्हण्याचं तीनशेचं दीडशे झालं की."

"कुठे असतात मेव्हणे तुमचे?" मी विचारलं.

"होते गदगला."

"होते?"

"ते दुसऱ्या कारणानं गेले, वहिनी."

कुठल्या कारणानं, हे मी विचारलं नाही. त्यांनी पुढे जवसाची पूड सांगितली, मेथीचं पाणी सांगितलं, आणि जाता जाता सांगितलं की कोलेस्टेरॉल असं काही नसतंच, तो औषध कंपन्यांनी काढलेला धंदा आहे. म्हणजे एकाच कपाच्या चहात त्यांनी नसलेल्या रोगावर तीन औषधं दिली.

मी डॉक्टरांची वेळ घेतली. जयनगरातल्या एका हृदयरोगतज्ज्ञ बाई. ह्यांना म्हटलं, तुमच्या आक्षेपांची यादी करून घ्या आणि त्यांनाच विचारा. हे खरोखरच करून घेऊन आले. लॅब, लग्न, नळी. सासूबाईही म्हणाल्या, मीही येते. त्या कधी डॉक्टरांकडे येत नाहीत, स्वतःसाठी सुद्धा कुरकुरत येतात. त्यामुळे मला आश्चर्य वाटलं, पण मी रिक्षात जागा केली.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून डोळ्यांकडे बघितलं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी, वरच्या पापणीवर, पिवळसर चपटे डाग आहेत, मसुरीच्या डाळीएवढे. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्हते, पुढे हळूहळू आले. आले तेव्हा घरात आनंद झाला होता. सासऱ्यांनाही तसेच होते. त्यांच्या वडिलांनाही होते म्हणतात. आमच्या सासरी त्यांना सोन्याचा डाग म्हणतात. ज्याच्या डोळ्याशी सोनं त्याच्या घरी लक्ष्मी, अशी म्हणच आहे. सासरे गेल्यावर फोटो मोठा करून घेतला, तर स्टुडिओवाल्यानं सफाईनं ते डाग पुसून टाकले होते. सासूबाईंनी तो फोटो परत पाठवला आणि डाग पुन्हा काढायला लावले. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, डागांसकट.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घराण्यातच आहेत," हे म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

"वडिलांना होते?"

"हो. आजोबांनाही."

"वडील आहेत?"

"नाहीत. बावन्नाव्या वर्षी गेले. अचानक."

"आणि आजोबा?"

ह्यांनी आईकडे बघितलं. सासूबाईंनी सांगितलं, "ते पण लवकरच गेले. माझं लग्न व्हायच्या आधी."

डॉक्टरांनी ह्यांना मोजे काढायला लावले आणि टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून बघितली. ती जाड होती. मला वाटायचं, बूट चावतात. मग त्यांनी सरळ सांगितलं. हे डाग सोन्याचे नाहीत, कोलेस्टेरॉलचे आहेत. जे कातडीखाली दिसतं तेच आत हृदयाच्या नळ्यांत साठत असतं, फक्त तिथे ते दिसत नाही आणि दुखतही नाही. म्हणूनच रक्त तपासायचं. दरवेळी असं डाग बघून कळत नाही, डाग असले म्हणजे रोग असलाच असंही नाही, पण इथे डाग, टाचेची शीर, वडील, आजोबा आणि हा आकडा, सगळं एकाच ठिकाणी बोट दाखवतं.

तीन पिढ्या लक्ष्मी म्हणून जिची पूजा झाली ती ही.

यजमानांनी यादी काढली. "मॅडम, पण आदल्या दिवशीपर्यंत लग्नात जेवत होतो."

"लग्नाचं जेवण ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीत, दिसतं. एलडीएल दोन-तीन दिवसांच्या जेवणानं एवढं हलत नाही. तुमचं हे लग्नातलं नाही, जन्मातलं आहे."

"पण मी दरवर्षी तीन आठवडे कडक पथ्य करतो."

"का, तीनच आठवडे का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच सांगितलं की कंपनीची तपासणी असते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. बहुधा आमच्या गल्लीतले आणखी पेशंट त्यांच्याकडे येत असावेत.

त्यांनी समजावून सांगितलं. कोलेस्टेरॉल मुख्यतः आपलं यकृत बनवतं. ताटातून येतं ते त्या मानानं थोडं. वनस्पती तूप, पामतेल, बेकरीचं, तळणीचं वाढवतं, ते कमी करायलाच हवं, चालायलाही हवं. पण काही जणांच्या यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची जी सोय असते तीच जन्मतः कमी असते, आई किंवा वडिलांकडून आलेली. अशा माणसानं नुसता पाला खाल्ला तरी आकडा उतरत नाही. हे ऐकताना मला मुलीचा पालक आठवला. थायरॉइड मंद असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंडाचं काही असेल तरी वाढतं, म्हणून त्या तपासण्या त्यांनी आधी लिहून दिल्या. ईसीजी काढला, इको सांगितला. आणि म्हणाल्या, मुलांचं तपासा. मी म्हटलं, तपासलंय. त्यांनी आकडा बघितला आणि मान हलवली. म्हणाल्या, तिला वेगळी घेऊन या, लवकर कळलं हे तिचं नशीब.

आता सासूबाई कानडीत बोलल्या, डॉक्टरांशी, माझ्याशी नाही. माझी कानडी भाजीवाल्यापुरती आहे, पण एवढं समजलं.

"म्हणजे तुपानं नव्हे?"

"काय, अम्मा?"

"ह्याचे वडील. ते तुपानं गेले नव्हेत?"

डॉक्टर म्हणाल्या, मी त्यांना तपासलेलं नाही, पण मुलाकडे बघून सांगते, बहुतेक हेच असणार. तूप कमी घातलं असतं तर थोडा फरक पडला असता, फार नाही. तेव्हा ह्याच्यावर चांगलं औषधही नव्हतं.

"सरी," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, आणि पदर नीट केला.

हे तिथूनच कामावर गेले आणि रिक्षात परत येताना सासूबाईंनी मला सांगितलं ते मी पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. सासरे गेले त्या दिवशी, अजून पाहुणे यायचे होते, तेव्हा सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिनं तूप वाढून वाढून मारलं माझ्या भावाला." कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. पुढे ते घरात रुळलं. सुतकाला आलेले बोलले, वर्षश्राद्धाला आलेले बोलले. रायचूरची बदली वगैरे कारणं सासूबाईंच्या समोर सांगायची होती. पाठीमागे सांगायचं कारण तूप होतं. सासूबाई तूप खात नाहीत हे मला माहीत होतं. वास आवडत नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ते लिहून ठेवल्यासारखं पाळलं होतं, त्यांच्या वरणावर कधी तूप घातलं नाही.

"आत्याबाई आहेत अजून?" मी विचारलं.

"आहेत की. नव्वदीच्या आहेत. रोज शिरा खातात."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. इतर तपासण्या नीट आल्या, इकोही बरा आला. डॉक्टरांनी बापलेकीला, दोघांनाही, गोळी सुरू केली. मुलीला त्यांनी बजावलं की लग्नानंतर बाळाचा विचार असेल तेव्हा आधी येऊन भेटायचं, तेव्हा ही गोळी थांबवावी लागते. मुलगी म्हणाली, बरं, आणि गोळी जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवून मोकळी झाली. तिनं परत कधी त्याचा विषय काढला नाही.

ह्यांनी मात्र विषय सोडला नाही. गोळीचं नाव कळल्याबरोबर त्यांनी तिचे दुष्परिणाम पाठ केले, आणि मग एकेक होऊ लागले. पोटरी दुखली. विसरायला झालं. एका रविवारी भर दुपारी झोप आली, तीही गोळीनं. भात आणि आंब्याचा रस खाल्ल्यानंतर आली होती, पण तो योगायोग. डॉक्टरांनी पोटरीसाठी एक तपासणी करून घेतली. नीट आली. त्या म्हणाल्या, काही लोकांना खरंच दुखतं, तसं असेल तर गोळी बदलू, डोस कमी करू, तुमचं तसं दिसत नाही. पोटरीचं दुखणं त्यानंतर थांबलं.

स्वयंपाकघरात मी सोपे बदल केले. बेकरीचा माल बंद, कायमचा. भज्यांचं उरलेलं तेल परत वापरायचं नाही. तूप एक चमचा, मोजून, रोज, वर्षभर. ओट्सचा डबा मी कामवालीला दिला. तिनं दुसऱ्या आठवड्यात परत आणून दिला.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ह्यांचं एलडीएल निम्म्याहून खाली आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या रिपोर्टमध्ये एकही ठळक अक्षर नव्हतं. त्यांनी तो कागद छापून घेतला, पार्कात नेला, हुबळीच्या शेजाऱ्यांना दाखवला. शेजारी म्हणाले, "बघा अण्णा, मी म्हटलं होतं ना, अर्जुनाची साल." ह्यांनी साल कधी घेतली नव्हती.

आणि पुढच्या रविवारी, सकाळच्या पोह्यांना, ह्यांनी आम्हा सगळ्यांना कळवलं की गोळी त्यांनी बुधवारपासून बंद केली आहे.

"का?" मी विचारलं.

"आता नॉर्मल आहे ना. बिघाड दुरुस्त झाला की तात्पुरती जोडणी काढून टाकायची. कारखान्यात आम्ही तसंच करतो."

"बिघाड दुरुस्त झालेला नाही. गोळीनं दाबून धरलाय."

"डॉक्टर आयुष्यभर म्हणतात. त्यांना काय, पेशंट चालू राहायला हवा."

"मग चष्मा पण काढा," मुलगी म्हणाली. "दिसायला लागलं ना आता स्वच्छ."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी मध्येच आहे, बाबा. माझा आकडा तुमच्याकडून आलाय."

ते चिडले. म्हणाले, घरात सगळे डॉक्टर झाले आहेत. म्हणाले, गोळीवर जगण्यापेक्षा पथ्यावर जगेन. मी म्हटलं, कुठलं पथ्य, तीन आठवड्यांचं? त्यांनी ताट सरकवलं. मी आवाज चढवला. मला भीती वाटत होती. पाच महिन्यांनी त्यांना बावन्नावं लागणार होतं आणि ते उंबऱ्यापासून दहा पावलांवर बसून मला जोडणी काढण्याबद्दल सांगत होते.

सासूबाई टेबलाच्या टोकाशी वाटाणे सोलत होत्या. त्या मुलाला कधी काही सांगत नाहीत. तो शिकलेला आहे, त्याला समजतं, असं त्यांचं धोरण. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"अण्णा, गोळी नको तर नको घेऊ," त्या म्हणाल्या. "तुझा जीव आहे. पण मला एवढं सांग. तू असा वडिलांसारखा गेलास, तर लोक काय म्हणतील?"

"आई, काय बोलतेस सकाळी सकाळी."

"सांग की. लोक तुझं रक्त बघायला येणार काय? रिपोर्ट वाचणार काय? तुझी आत्या जिवंत आहे अजून. ती या हॉलमध्ये बसणार आणि म्हणणार, बायकोनं तूप घालून मारलं. या वेळी बायको म्हणजे ही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी तीस वर्षं ऐकलं. माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं, म्हणून ऐकलं. हिच्यापाशी कागद आहे, डॉक्टर आहे, गोळी आहे, तरी हिला ऐकायला लावणार आहेस तू."

"आई, आत्या तसं काही..."

"तुझ्या कानांदेखत म्हणाली ती. तू तिथेच उभा होतास. हॉस्टेलमधून आला होतास, पिशवी खांद्यावरच होती. तू पण तिला गप्प बस म्हटलं नाहीस."

बाहेर भाजीची गाडी ध्वनिक्षेपकावर टोमॅटो, बटाटा ओरडत गल्लीतून गेली. ह्यांनी ताट परत जवळ ओढलं आणि गार झालेले पोहे खाल्ले, सगळे, खाली मान घालून. मग ते उठले, फ्रिजवरच्या डब्यातून पाकीट काढलं, एक गोळी फोडली आणि उभ्याउभ्या पाण्याबरोबर घेतली.

"रात्री घ्यायची असते ना ती?" मुलगी म्हणाली.

"ही सकाळी घेतली तरी चालते," मी म्हटलं. "मी विचारलंय."

ते परत बसायला निघाले तेव्हा सासूबाईंनी हातानं थांबवलं.

"इकडे ये. तोंड उघड."

"आई, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"मोज की. मी पण मोजतेच आहे. उघड."

सरकारी कारखान्यातला उपमहाव्यवस्थापक आईपुढे वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. सासूबाईंनी चष्मा वर करून आत बघितलं, जीभ उचलायला लावली, जिभेखाली बघितलं.

"सरी," त्या म्हणाल्या आणि वाटाण्याची शेंग परत हातात घेतली. "उद्या पण दाखव."